उलोमाच्या बाळंतपणाचं सूप

आमच्या आवारात ओयिरिदियाला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. बाईला पहिलं मूल झालं की तिचं नाव मागे पडतं आणि ती त्या मुलाची आई होते. मी डुबेमची आई, समोरची चिसाची आई, तशी ओयिरिदिया उलोमाची आई. नळावर, बाजारात, चर्चच्या महिला मंडळात सगळीकडे हेच नाव. खुद्द उलोमा मात्र तिला मावशी म्हणायची.

कारण उलोमा तिच्या पोटची नव्हती, थोरल्या बहिणीची होती. ती बहीण, फिलोमेना, उडी नावाच्या गावात राहते. तिला सात मुलं. ओयिरिदियाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा फिलोमेना आपली चार वर्षांची पोरगी घेऊन इथे एनुगू शहरात आली. पोरीच्या पिशवीत दोन फ्रॉक होते.

"सांभाळ," ती म्हणाली. "पण तुला मावशीच म्हणू दे. मी अजून मेले नाहीये."

अशी एकीची दुसरीकडे वाढलेली मुलं आमच्याकडे घरोघरी असतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. उलोमा ओयिरिदियाच्या खोलीत वाढली, तिच्या कुशीत झोपली, तिच्या हातचे धपाटे खाऊन शाळेत गेली. सुट्टीत गावी जायची आणि चार दिवसांत कंटाळून परत यायची.

ओयिरिदिया म्हणजे नवऱ्यासारखी. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव. नवरा रेल्वेत होता, ताडमाड उंच. ही त्याच्या कोपराला लागायची. "कशात रे ही तुझ्यासारखी?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "भांडणात." तो गेला तेव्हा उलोमा शाळेतच होती. त्यानंतर ओयिरिदियानं ओग्बेटेच्या बाजारात सुपाच्या मसाल्यांचा एक गाळा घेतला आणि पोरीला कॉलेजपर्यंत नेलं.

गाळ्यात सगळं असायचं. सुकटीची पोती, खडखडीत सुके मासे, मिऱ्यासारखी दिसणारी पण मिऱ्यापेक्षा झणझणीत उझिझा, उटाझीच्या कडू पाल्याच्या जुड्या. पण लोक यायचे ते उदासाठी. उदाच्या काळ्या, वाकड्या शेंगा, धुरावर वाळवलेल्या. बाळंतिणीच्या सुपात उदा नसेल तर ते सूप नव्हे, यामच्या कंदाचे तुकडे घातलेलं गरम पाणी.

मसाला विकत घ्यायला आलेल्याला ओयिरिदिया आधी प्रवचन द्यायची आणि मग पुडी.

"बायको कधी बाळंत झाली? काल? मग अजून इथे काय करतोस? पळ. आधी मासा उकळायला टाक. उदानं आत साचलेलं सुटतं, उझिझानं वारा सरतो, माशानं अंगात रक्त भरतं. आणि कढत कढत प्यायली की दूध उतरतं. गार झालेलं दिलंस तर मला तोंड दाखवू नकोस."

"आणि ताप आला तर आणखी उदा घालायचा का, आई?"

"ताप आला तर दवाखान्यात न्यायचं, गाढवा. मी मसाला विकते. दवाखाना नाही चालवत."

अर्ध्या शहराच्या बाळंतिणींना तिच्या हातचा उदा गेला असेल. पण ती स्वतः कधी कुणाच्या बाळंतपणाला गेली नव्हती. आमच्याकडे लेक बाळंत झाली की तिची आई तिच्या घरी जाऊन राहते. पोट शेकते, बाळाला न्हाऊ घालते, सकाळ-संध्याकाळ सूप रांधते. तो आईचा मान. जावई स्वतः बोलवायला येतो, आणि परत जाताना सासूला लुगडी, साबण, मिठाची पिशवी, मोठाले मासे देऊन गाडीत बसवून देतो. ती गावात उतरली की बायका गाणी म्हणत सामोऱ्या येतात. फिलोमेनानं तीन लेकींची अशी बाळंतपणं केली होती. ओयिरिदियाला एकच होती, उलोमा. आणि ती तिची होती की नव्हती, हे ठरायची वेळ आता आली होती, कारण उलोमाला दिवस गेले होते.

उलोमाचं लग्न एकेनेशी झालं होतं. शांत मुलगा, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, घर अबाकपाला. बातमी कळली त्याच दिवशी ओयिरिदियानं उलोमाला बजावलं, "आता बाळंत होईपर्यंत माझ्या दुकानाकडे फिरकायचं नाही."

बाळंतिणीला उदा अमृत आणि गर्भारणीला विष. आत साचलेलं जो सोडवतो, तो धरलेलंही सोडवील. गर्भार बायका उदा खात नाहीत, आणि ओयिरिदियाच्या मते त्यांनी त्याचा वासही घेऊ नये. हे मात्र तिचंच. पण ती त्यावर ठाम होती. स्वतः उलोमाकडे जायचं तर आधी अंघोळ, धुतलेले कपडे, केस बांधून वर फडकं. एवढं करून दारात उभी राहिली की हात नाकाशी नेऊन हुंगायची आणि म्हणायची, "नको बाई. येतोय अजून." आणि दारातूनच संत्री देऊन परत.

"मावशी, आत तरी ये," उलोमा म्हणायची.

"इथूनच दिसतेस तू. केवढी झालीयेस. आत आले तर मला जागा कुठे उरणार?"

असे ते महिने गेले. इकडे तिची तयारी चालली होती. पोत्यातल्या शेंगा ती स्वतः निवडायची. लांब, जाड, कीड नसलेल्या बाजूला. चुलीवरच्या टोपलीत ठेवून धूर द्यायची. गाळ्याशेजारी आंबवलेल्या बियांची उग्र वासाची ओगिरी विकणाऱ्या अडाकू म्हातारीनं टोचलंच.

"कुणासाठी गं एवढं? एखाद्या राणीला होतंय वाटतं मूल?"

"तुझ्या डोळ्यांना काय करायचंय?"

"मी काही म्हणत नाही बाई. पण उडीला पण एक चूल आहे, आणि तिथेही उदा टांगलेला असतो, एवढं आपलं माहीत आहे मला."

ओयिरिदियानं भांडण न करता निवडलेल्या शेंगा फडक्याखाली सरकवल्या. तिच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट.

मुलगा झाला. साधं बाळंतपण, दोन टाके. शेवटच्या महिन्यात उलोमाचा रक्तदाब चढला होता, म्हणून दवाखान्यानं दोन दिवस जास्त ठेवून घेतलं. बातमी आली तेव्हा ओयिरिदिया अंगणात नाचली. खरंच नाचली. आम्हीही नाचलो. मग तिनं खाटेखालची पेटी ओढून काढली. त्यात तिचं सामान भरून तयार होतं. सर्वांत वर उदाची पुरचुंडी.

आता फक्त एकेनेनं यायचं होतं.

तो आला तिसऱ्या दिवशी, दुपारी. बोलावण्याची मानाची बाटली नव्हती, कोलाच्या बिया नव्हत्या, रिकाम्या हातानं आलेला पाहूनच मी समजले. मी दाराशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. उठून जावं की बसावं, कळेना. बसले.

"आई," तो म्हणाला. तो तिला आईच म्हणायचा. "मी काल उडीला जाऊन आलो."

"बरं केलंस."

"आमच्या काकांनी सांगितलं की, मुलीची मागणी ज्या अंगणात घातली, त्याच अंगणात जाऊन बोलवायचं. दुसरीकडे आधी गेलो तर तो त्यांचा अपमान. मी म्हटलं त्यांना की..."

"काकांचं बरोबर आहे. उभा का? बस."

"उद्या सकाळी त्या येतायत."

"उलोमा काय म्हणाली?"

एकेनेनं खाली पाहिलं. "काही नाही म्हणाली. मी विचारलं तिला. ती म्हणाली, काका सांगतील तसं करा."

ओयिरिदिया आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती पुरचुंडी घेऊन बाहेर आली, वर उझिझाचा डबा, सुकटीची पिशवी आणि एक अख्खा सुका मासा.

"फिलोमेनाला दे. म्हणावं, ओयिरिदियानं पाठवलंय, बाजारातलं घेऊ नकोस. आणि मासा आदल्या दिवशी भिजत घालायला सांग. विसरते ती."

तो गेल्यावर तिनं माझ्या पुढ्यातली टोपली ओढली आणि माझ्या शेंगा सोलायला लागली. सगळ्या सोलून झाल्या तेव्हा म्हणाली, "डुबेमच्या आई, या शेंगांना कीड लागलीये. कुणाकडून घेतेस तू?"

आमचं आवार बाळ बघून आलं. बाजारातल्या बायका जाऊन आल्या. अडाकू म्हातारीसुद्धा रिक्षा करून गेली. ओयिरिदिया गेली नाही. दुकानात गर्दी आहे, पाय सुजलाय, कपड्यांना वास येतो. "आता कसला वास गं? आता तर बाळंत झाली ती," मी म्हटलं. तर म्हणाली, "बाळाला शिंका येतील."

मला कळत होतं. ती गेली असती तर पाहुण्यांच्या खुर्चीत बसली असती, फिलोमेनानं तिला वाडग्यात सूप आणून दिलं असतं, ते पिऊन, बाळाच्या हातावर काहीतरी ठेवून ती उठून आली असती. म्हणजे आम्ही गेलो तशीच. आणि बाजारात तिचं नाव आताच डळमळू लागलं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "उलोमाची आई..." आणि मग अडखळायचं.

मी गेले तेव्हा फिलोमेनानं मला सूप दिलं. बाळंतिणीच्या घरी गेलेल्या पाहुण्याला ते मिळतंच. बाई काम करून करून वाळलेली, हात रापलेले, पण घर लख्ख ठेवलं होतं. बाळाला तेल लावून गुंडाळलं होतं. सूप गावाकडचं, दणदणीत. जिभेवर आग, आणि मागून कडवटपणा येऊन घशात बसला. मी प्यायले. गावाकडे असंच करतात.

उलोमाच्या पुढ्यातही वाडगा होता.

"संपव हं बाळ," फिलोमेना म्हणाली.

"हो आई. फार छान झालंय. थोड्या वेळानं घेते."

तिनं अर्धा वाडगा झाकून ठेवला. फिलोमेना तो झाकलेला वाडगा बघत उभी राहिली, मग उचलून आत घेऊन गेली. उलोमा मला हळू आवाजात म्हणाली, "मावशीचा पाय कसा आहे?"

"पायाला काय झालंय?" मी म्हटलं. मग आठवलं. "हां, पाय. बराय."

ती हसली नाही. चेहरा ओढलेला होता. बाळ छातीशी होतं; ओढायचं, सोडायचं, रडायचं, परत ओढायचं.

पुढच्या आठवड्यात बाळाला वजनाला नेलं, तर वजन भरलं नव्हतं. तिथली नर्स शहाणी बाई. तिनं बाळाचं तोंड बघितलं, पाजताना बघितलं आणि सांगितलं, "बाळ नीट ओढतंय. याला आणखी वरचेवर पाजा. आणि आईच्या पोटात काही जात नाही असं दिसतंय. सूप देता ना? उत्तम. मासा आहे, पातळ आहे, गरम आहे, भरपूर प्यायला द्या. पण दाब अजून उतरलेला नाही, तेव्हा मीठ अगदी कमी, आणि ते बाजारातले मसाल्याचे खारट क्यूब बंद. आणि टाक्यांच्या बाईला इतकं तिखट नको. तिला विचारून करा की, तिला काय जातं ते."

तिला विचारून करा. फिलोमेना त्याच दिवशी दवाखान्यातून उलोमाला घरी सोडून थेट ओग्बेटेला आली. मी तेव्हा सुकट घ्यायला गाळ्यावरच होते.

दोघी बहिणींनी एकमेकींना पाहिलं. ओयिरिदियानं पाटावरची पोती सरकवून जागा केली.

"बस. पाणी पिशील?"

"पाणी प्यायला नाही आले." फिलोमेना बसली. "पोराचं वजन भरत नाहीये."

ओयिरिदियाचा हात शेंगांवर थांबला. "काय म्हणतात?"

फिलोमेनानं नर्सचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ओयिरी, ती माझ्या हातचं खात नाही."

"का खात नाही? मी उदा पाठवला ना?"

"तुझा उदा आहे. तुझाच मासा आहे. ती म्हणते, छान झालंय आई. धन्यवाद आई. आणि अर्धा वाडगा ठेवून देते. मी विचारलं, मीठ हवं? नको आई. तिखट झालं? नाही आई, छान आहे." ती बोलता बोलता थांबली. "माझ्या त्या तिघी... थोरलीनं तर वाडगा माझ्या अंगावर भिरकावला होता. म्हणाली, हे काय गटाराचं पाणी! मी तिला चमचा फेकून मारला, आणि दुसरं करून दिलं. ही मला धन्यवाद म्हणते. मी तिच्या घरी पाहुणी आहे का गं?"

शेजारून अडाकू म्हातारी कान लांबवून बसली होती. ओयिरिदियानं मान न वळवताच तिला सांगितलं, "ए अडाकू, तुझ्या ओगिरीवर माश्या बसल्यात."

"बसू देत, त्यांनाही ऐकायचंय," म्हातारी म्हणाली, पण तोंड वळवलं.

"मी दिली तेव्हा ती चार वर्षांची होती," फिलोमेना म्हणाली. "तेव्हा तिला काय आवडायचं ते माहीत होतं मला. आता नाही माहीत. मला वाटलं होतं, हे एक बाळंतपण तरी... असू दे. तू चल. आज चल. मी उद्या गावी जाते. सांगेन गुडघे धरले म्हणून."

मी सुकटीची पिशवी हातात धरून उभी होते. इतके महिने ज्यासाठी ती पेटी भरून बसली होती, ते समोर ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"आणि गावात लोक काय म्हणतील?" ओयिरिदिया म्हणाली.

"म्हणू देत."

"लुगडं नाही, गाडी नाही, दहा दिवसांत बोचकं घेऊन परत. म्हणतील, लेकीनं हाकलली. तुझ्या सुना पाणी भरताना बोलतील. आणि उलोमाला काय वाटेल? जन्मभर तुझ्यासमोर मान वर करणार नाही ती. मग तर धन्यवाद म्हणायलासुद्धा येणार नाही तुझ्याकडे."

"मग काय करू? पोर उपाशी राहू दे?"

"ओरडू नकोस. बाजार आहे हा." ओयिरिदियानं एक शेंग उचलली, बोटांत फिरवली. मला वाटलं आता ती काहीतरी लागेलसं बोलणार. तिच्या ओठावर आलंही असेल. चोवीस वर्षं साठलेलं होतं. ती म्हणाली, "तू उदा कसा घालतेस?"

"कसा म्हणजे? कुटून. आई कुटायची तसा."

"बियांसकट?"

"मग बिया काय गळ्यात घालू?"

"तिला गोवर आला होता, दुसरीत असताना. मी असंच कुटून सूप दिलं. एक बी दाताखाली आली, आणि ही पोरगी भडाभडा ओकली. त्यानंतर बी घातलेलं सूप तिला लांबूनच कळतं. मी शेंग मोडते, बिया झाडते, साल नुसती ठेचून फडक्यात बांधून सोडते. वास उतरला की फडकं काढून टाकायचं. उटाझी घालायचीच नाही. मिरची अख्खी सोडायची, फोडायची नाही. आणि याम अगदी विरघळेपर्यंत शिजवायचं. तिला रस दाट लागतो."

"बिया काढल्यावर उदात राहिलं काय?"

"सालीत आहे सगळं. आपल्या आईनं धसमुसळेपणानं कुटलं म्हणून काय तोच देवाचा शब्द झाला?"

"आईला नावं ठेवू नकोस."

"ऊठ. माझ्याकडे चल. तोंडानं सांगून तुला जमायचं नाही. तुला भातसुद्धा करपवता येतो."

तिनं गाळ्यावर फडकं टाकलं. भर दुपारी दुकान बंद करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

आवारात आल्यावर दोघी चुलीपाशी बसल्या. आपल्या खोल्यांच्या दारात आम्ही सगळ्या. ओयिरिदिया हातानं काही करत नव्हती, नुसती सांगत होती, आणि ते तिला किती जड जात होतं ते दिसत होतं. हात पुढे जायचा, ती तो मांडीखाली दाबायची.

"मीठ?"

"टाकू नकोस. दाब आहे ना. सुकट जास्त घाल, आणखी, आणखी, कंजूष कुठची. मिठाची चव तिच्यातूनच येते थोडी. आता ओगिरी. बस्स! पोरीला सूप द्यायचंय की घराबाहेर काढायचंय?"

"तूच कर मग!" फिलोमेनानं पळी आपटली.

"मी केलं तर मी केलं असं होईल," ओयिरिदिया म्हणाली. "ढवळ."

फिलोमेनानं ढवळलं. चव बघितली, नाक मुरडलं. "हे काय? आजाऱ्याचं पाणी."

"तुला नाही प्यायचंय ते."

फिलोमेनानं दोन वेळा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी ओयिरिदियानं चाखून नुसती मान हलवली. डबा कापडात बांधून फिलोमेना निघाली. दारातून मागे वळून म्हणाली, "तिला सांगू, तू शिकवलंस म्हणून?"

"कशाला? तिला जीभ आहे."

त्यानंतर चार-पाच दिवस काही कळलं नाही. ओयिरिदिया दुकानात जात होती, गिऱ्हाइकांवर खेकसत होती. प्रवचन मात्र आखडलं होतं. पुडी द्यायची आणि पुढचा.

मग एका सकाळी, आम्ही पाणी भरत असताना, फिलोमेना आवारात आली ती जवळजवळ धावतच. वर्षं दहा कमी झाल्यासारखी.

"ओयिरी! अगं ओयिरी! शिव्या दिल्या तिनं मला!"

"कुणी? रिक्षावाल्यानं?"

"उलोमानं! काल सकाळी सूप जरा पातळ झालं माझ्याकडून. वाडगा हातात घेतला, आणि म्हणते, 'आई, परत पाणी ओतलंस! हे काय, मी काय न्हायला बसलेय? आणि माशात काटा ठेवलास. डोळे कुठे असतात तुझे?' असं म्हणाली! डोळे कुठे असतात तुझे!" फिलोमेनानं टाळी वाजवली. "मी म्हटलं, तुझे डोळे फुटले असतील, मुकाट्यानं गीळ. तर हसली. आणि दोन वाडगे प्यायली. पोर आता ओढून ओढून पितंय, आणि पिऊन झाल्यावर असं झोपतं, तोंड उघडं टाकून, बापासारखं. नर्स म्हणाली, वजन वर चढतंय."

आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. कुणी हात वर केले, कुणी गाणं धरलं. ओयिरिदियाही म्हणाली, "देवाची कृपा." बादली भरून वाहू लागली होती. तिनं नळ बंद केला, बादली उचलली आणि आमच्याकडे पाठ करून खोलीत गेली. फिलोमेना तिच्या मागून जाऊ लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. "बस इथे जरा," मी म्हटलं. "माझ्याकडे चहा घे."

बऱ्याच वेळानं ओयिरिदिया बाहेर आली. तोंड धुतलेलं. म्हणाली, "शिव्या खाल्ल्या म्हणून एवढा आनंद करणारी तू एकटीच असशील. ती मला दररोज द्यायची. मी कधी गावभर सांगत फिरले नाही."

"तुला सवय होती," फिलोमेना म्हणाली.

रविवारी चर्चनंतर ओयिरिदिया माझ्याकडे आली. अंगावर नवं लुगडं, डोक्याला कडक फेटा. "चल, येतेस का? पोर बघून येऊ. लोक काय म्हणतील, म्हातारी बघायलासुद्धा गेली नाही."

अबाकपाला एकेनेनं दार उघडलं आणि तो इतका गडबडला की त्यानं तिच्या हातातली पिशवी घ्यायच्या ऐवजी माझी घेतली. पुढच्या खोलीत भिंतीशी पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. ओयिरिदिया जाऊन त्यातल्या एकीवर ताठ बसली. पर्स मांडीवर. उलोमा आतून आली, बाळ खांद्यावर. चेहऱ्यावर तेज आलं होतं, गाल भरले होते. तिनं एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा त्या खुर्चीकडे.

"पाय बरा झाला वाटतं," ती म्हणाली.

"झाला."

"पाय सुजला होता की तोंड?"

"उलोमा!" एकेने म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. माझं माझ्या मावशीशी चाललंय. महिना होत आला मला बाळंत होऊन. अख्खा बाजार येऊन गेला. ती अडाकू येऊन माझ्या पोराला माकड म्हणून गेली. आणि ही बाई पाय घेऊन बसलीये."

"तू काय म्हणाली होतीस त्याला?" ओयिरिदियाचा आवाज चढला. "काका सांगतील तसं करा! तुला तोंड नव्हतं?"

"मी काय म्हणायला हवं होतं? हिला बोलवा आणि तिला नको? की तिला बोलवा आणि हिला नको? सांग ना, काय म्हणू? चार वर्षांची होते तेव्हापासून मला हेच विचारताय तुम्ही दोघी. तोंडानं नाही विचारत, पण विचारताय."

स्वयंपाकघराच्या दारात फिलोमेना उभी होती, हातात पळी. बाळानं भोकाड पसरलं.

"दे इकडे," ओयिरिदिया म्हणाली. "कसं धरलंयस त्याला. मान लटकतेय."

"नाही लटकत."

"लटकतेय. आणि लंगोट केवढा आवळलाय. फिलोमेना, हा लंगोट तू बांधलास? श्वास कुठून घ्यायचा त्यानं?"

"लंगोटातून श्वास घेतात का कुणी?" फिलोमेना म्हणाली.

उलोमानं बाळ तिच्या हातात दिलं आणि स्वतः तिच्या शेजारी, जमिनीवर, तिच्या गुडघ्याला पाठ टेकून बसली. लहानपणी केस विंचरून घ्यायला बसायची तशी. म्हणाली, "भूक लागली मला. आई, वाढ ना. आणि मावशीला माशाचं डोकं दे. तिला डोकं लागतं."

"मला माहीत आहे तिला काय लागतं," फिलोमेना आतून म्हणाली. "एका ताटात जेवून वाढलोय आम्ही. तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी त्या डोक्यासाठी तिचा मार खाल्लाय."

"खोटं. मी तिचा खाल्लाय," ओयिरिदिया म्हणाली.

वाडगे आले. ओयिरिदियानं बाळ एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं वाडगा तोंडाला लावला. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत होतो. तिनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला.

"कसं झालंय?" फिलोमेनानं विचारलं. पळी अजून हातात होती.

गुडघ्याशी उलोमा भुरके मारत पीत होती, तिकडे तिनं एकदा पाहिलं.

"याम आणखी शिजायला हवं होतं," ती म्हणाली. "उद्या लवकर टाक."